खाणीतल्या हवेचा खर्च

भूमिगत कोळसा खाणीत पुरेशी हवा आपोआप पोहोचत नाही. जमिनीवर बसवलेला मुख्य पंखा ती एका वाटेने आत ओढतो, कामाच्या जागांवरून फिरवतो आणि दुसऱ्या वाटेने बाहेर काढतो. ही हवा कामगारांच्या श्वासासाठी तर लागतेच, पण कोळशातून सुटणारा मिथेन पातळ करून वाहून नेण्याचे कामही तिचेच असते.

हवेत मिथेनचे प्रमाण साधारण 5 ते 15 टक्क्यांच्या दरम्यान असेल, तर एखादी ठिणगीही स्फोटाला पुरते. भारतीय नियमांनी मर्यादा मात्र बरीच खाली ठेवली आहे: परतीच्या, म्हणजे कामाच्या जागांवरून फिरून बाहेर निघालेल्या हवेत 0.75 टक्के आणि खाणीत कोठेही 1.25 टक्के. मिथेन 1.25 टक्क्यांवर पोहोचताच त्या भागातील वीज तोडून माणसांना बाहेर काढावे लागते. हे अंतर अतिसावधपणाचे वाटेल, पण तसे नाही. मिथेन हवेपेक्षा हलका असल्याने छताखाली थर धरून साचतो, आणि गॅलरीच्या (खाणीतल्या बोगद्याच्या) मधोमध घेतलेले मोजमाप निर्धोक दिसत असतानाच डोक्यावर स्फोटक मिश्रण तयार झालेले असू शकते. म्हणूनच मायनिंग सरदार, म्हणजे पाळीत खाणीची तपासणी करणारा पर्यवेक्षक, वायुमापक छतालगत धरतो.

मिथेनपेक्षा धूळ अधिक कपटी आहे, कारण ती वर्षानुवर्षे निमूटपणे पडून राहते. मिथेनच्या लहानशा स्फोटाच्या धक्क्याने ती उडते, मागून येणाऱ्या ज्वालेने पेटते आणि पुढची धूळ उडवत स्फोट मैलोन्‌मैल नेते. उत्तर फ्रान्समधील कुरियेर येथे 10 मार्च 1906 रोजी 1,099 जणांचा बळी गेला तो अशाच धुळीच्या स्फोटात. यावरचा उपाय साधा आहे: चुनखडीची भुकटी टाकून जमिनीवरच्या, बाजूच्या आणि छतावरच्या धुळीतील न जळणाऱ्या पदार्थाचे प्रमाण 75 टक्के किंवा त्याहून अधिक ठेवायचे, म्हणजे ज्वालेची उष्णता भुकटीच शोषून घेते. पण धूळ रोज नव्याने साचते, त्यामुळे हे काम कधीच संपत नाही, आणि उत्पादनाच्या घाईत सर्वांत आधी तेच मागे पडते.

मग जबाबदारी कोणाची? रोजची तपासणी सरदार आणि त्याच्या वरचा पर्यवेक्षक ओव्हरमन करतात, खाणीचा कारभार व्यवस्थापक पाहतो. परंतु सुरक्षेसाठी आर्थिक व इतर तरतूद करण्याचे दायित्व 1952 च्या खाण कायद्याने मालक आणि त्याचा प्रतिनिधी यांच्यावर टाकले. त्यामागचे कारण भौतिकशास्त्रातही सापडते. सर्वांत मोठ्या पाळीतील दर माणसामागे मिनिटाला 6 घनमीटर, किंवा दिवसाच्या दर टन उत्पादनामागे 2.5 घनमीटर, यांपैकी जी जास्त भरेल तेवढी हवा पुरवावी लागते. म्हणजे उत्पादन वाढले की हवाही वाढवणे आले. मात्र त्याच बोगद्यांतून दुप्पट हवा न्यायची तर दाब चौपट लागतो आणि पंख्याची शक्ती जवळपास आठपट. त्यातच काम पुढे सरकत जाते तशी हवेची वाट लांबते आणि विरोध आणखी वाढतो.

व्यवस्थापक गळके दरवाजे बुजवील, कोसळलेला परतीचा मार्ग मोकळा करील, पंख्याच्या पात्यांचा कोन बदलून पाहील. एका टप्प्यानंतर मात्र हवेसाठी नवी विहीर खणण्यावाचून इलाज उरत नाही, आणि तिच्या खर्चाला मंजुरी देणे व्यवस्थापकाच्या हातात नसते.