शाकारणी

शाकारणी म्हणजे पावसाळ्यापूर्वी घराचे छप्पर उतरवून, तपासून पुन्हा घालण्याचे दरवर्षीचे काम. शेकारणी असाही उच्चार ऐकू येतो. गवत-पेंढ्याचे छप्पर असो वा कौलांचे, शब्द एकच. विदर्भात कौलांना कवेलू म्हणतात आणि या कामाला कवेलू फेरणे. कोकणात, जिथे पाऊस ठिकठिकाणी ३,००० मिलिमीटरच्या वर जातो, तिथे शाकारणी न झालेले घर जूनमध्ये लगेच ओळखू येते: ओटीपासून माजघरापर्यंत टोप, परात, बादली जे हाताला लागेल ते गळतीखाली मांडलेले असते.

कामाचा हंगाम वैशाखाचा. मृग नक्षत्र ७ किंवा ८ जूनला लागते, त्याआधी घर झाकून झाले पाहिजे. फार लवकर करूनही चालत नाही. मधल्या दिवसांत माकडे, मांजरे आणि वारा मिळून निम्मे काम उलटे करून ठेवतात. शिवाय वळवाची धास्ती असते. म्हणून जाणता माणूस सगळे छप्पर एकदम उघडत नाही. एक पाखे, म्हणजे छपराची एक उतरती बाजू, घ्यायचे, आणि त्यातलेही संध्याकाळपर्यंत झाकता येईल तेवढेच.

जुनी पद्धत नळीच्या कौलांची. कुंभार चाकावर मातीची नळी काढून तिचे उभे दोन भाग करतो, ते भाजले की कौल तयार. खाली उताण्या कौलांची ओळ, दोन ओळींच्या सांध्यावर उपड्या कौलांची ओळ. ही कौले केवळ स्वतःच्या वजनावर बसलेली असतात, त्यामुळे वर्षभरात सरकतातच. उतरवताना आढ्याकडून (छपराच्या माथ्याकडून) वळचणीकडे (खालच्या कडेकडे) यायचे, घालताना वळचणीकडून आढ्याकडे जायचे. छपरावरचा गडी पाय टाकतो तो खाली वासा, म्हणजे छपराला उतारावर आधार देणारे लाकूड, असेल तिथेच. कौलाच्या पोटावर पाय पडला की कौल गेले. उतरवलेले प्रत्येक कौल झाडून त्यावरचे शेवाळ खरवडतात आणि बोटाने टिचकी मारून पाहतात. खणखणीत वाजले तर शाबूत, बद्द वाजले तर त्याला बारीक तडा आहे.

छप्पर न उघडता गळती शोधण्याचीही एक रीत आहे. भर दुपारी दारे-खिडक्या लावून घरात अंधार करायचा आणि वर बघायचे. जिथून कवडसा येतो तिथे कौल सरकलेले किंवा फुटलेले. काही घरांत आदल्या पावसाळ्यातच गळणाऱ्या जागेखाली रिपेवर (कौले जिच्यावर बसतात त्या आडव्या पट्टीवर) कोळशाने खूण करून ठेवतात. कवडशावर मात्र सगळा भरवसा ठेवता येत नाही. वळचणीचे पाणी आढ्याला जात नाही ही म्हण झाली. वाऱ्याने रेटलेले पाणी वरच्या कौलाखाली उलटे चढते, आणि अशा जागी कवडसा दिसत नाही.

एका फुटक्या कौलाने किती नुकसान व्हावे? पाणी आधी रिपेवर पडते. रीप पोफळीची किंवा चिव्याची (बारीक बांबूची) असेल तर काही पावसाळ्यांत कुजते आणि तिच्यावरची सगळी ओळ खचते. खचलेल्या ओळीतून वासा भिजतो. ओल धरलेल्या लाकडाला वाळवी शोधून काढते. वाश्यावरून पाणी भिंतीच्या माथ्यावर उतरते, आणि भिंत मातीची असेल तर ती आतून फुगून एखाद्या रात्री बसते. कौल किरकोळ किमतीला मिळते. साग, फणस किंवा ऐनाचा वासा बदलायचा तर लाकूड, सुतार आणि अर्धे छप्पर उतरवण्याची मजुरी, सगळेच आले. म्हणून शाकारणीला नुसती दुरुस्ती म्हणणे अपुरे वाटते. तिचा खरा उपयोग असा की वर्षातून एकदा कोणीतरी छपराचे लाकूड उघड्यावर बघत असे, वाश्यात सुरीचे टोक खुपसून पाहत असे, भुंग्याने पाडलेला भुसा हेरत असे.

बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि साच्यातली, खाचांनी एकमेकांत अडकणारी चपटी कौले पश्चिम किनाऱ्यावर पसरली. कोकण-गोव्यात ती मंगळुरी कौले म्हणूनच ओळखली जातात. ती सहसा सरकत नाहीत, त्यामुळे दरवर्षी सगळे छप्पर उतरवायची गरज उरली नाही. फुटके काढून दुसरे सरकवले की झाले. सोय मोठी, पण तिच्याबरोबर वाश्याकडे बघण्याची सक्तीही गेली. त्याच सुमारास नाही, पण पुढे चूलही गेली. चुलीच्या धुराने वासे काळे होत आणि कीड दूर राहत असे. गॅस आल्यावर लाकडाचे हे फुकटचे औषध बंद झाले. त्याची जागा काही ठिकाणी काजूच्या टरफलांच्या तेलाने घेतली आहे. वास उग्र, हाताला लागले तर कातडी सोलते, पण वाळवीला चांगले.

सध्याचा आवडता उपाय म्हणजे कौलांखाली प्लॅस्टिकचा कागद किंवा वर थेट पत्रा. पत्र्याचे समजण्यासारखे आहे. कागदाबद्दल मात्र जपून राहावे: गळती थांबल्यासारखी दिसते, पण अडकलेली ओल रिपांना बाहेर दिसू न देता कुजवते. मुंबईकर चाकरमान्यांच्या बंद घरांत हे सर्वांत आधी घडते. मे महिन्यात आठ दिवस येऊन कुलूप उघडणाऱ्याला वरचे बघायला सवड नसते.

देशावर आणि मराठवाड्यात माळवदाच्या घरांचे गणित निराळे. तिथे सपाट छतावर पांढऱ्या मातीचा नवा थर देऊन तो चोपतात आणि उताराची दिशा व पाणी बाहेर सोडणारी पन्हळ मोकळी आहे ना ते पाहतात. शहरात गच्चीच्या भेगा बुजवणे आणि पावसाळी पाण्याचे पाइप साफ करणे हे तेच काम. मुंबईत ३० वर्षांहून जुन्या इमारतींची संरचनात्मक तपासणी महापालिका अधिनियमाच्या कलम ३५३ ब नुसार बंधनकारक आहे.

३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, तेव्हा मृगाला चारच दिवस उरले होते. श्रीवर्धन, दापोली, मंडणगड भागात नुकतीच शाकारलेली छपरेही उडाली. अशा वेळी उपयोगी पडतो तो घरामागचा जुन्या कौलांचा ढीग. मंगळुरी कौल वरवर सारखे दिसले तरी एका कारखान्याची खाच दुसऱ्याच्या कौलात नीट बसत नाही, म्हणून पोटाकडचा छाप बघून त्याच कारखान्याची जादा कौले जपून ठेवण्याची रीत आहे. ती मागच्या भिंतीला उभी टेकवलेली असतात. त्यांना हात घालण्याआधी काठीने ठोकतात, कारण आत हमखास विंचू असतो.