कुसात्सूचं आंबट पाणी

टोकियोच्या वायव्येला, गुन्मा प्रांतातल्या डोंगरांत कुसात्सू हे गरम पाण्याच्या झऱ्यांचं गाव आहे. ऐन मध्यावर युबाताके हा मोठा झरा. त्याचं पाणी लाकडी पन्हळींतून वाहत निवतं आणि तळाशी पिवळसर गंधक धरतं. रात्री दिव्यांच्या उजेडात उसळणारी वाफ बघायला कठड्याशी गर्दी होते. सडक्या अंड्यांचा वास येतो तो हायड्रोजन सल्फाइडचा. थोड्या वेळात नाक त्याला सरावतं.

जपानच्या १९४८च्या कायद्याप्रमाणे उगमापाशी पाणी २५ अंश असलं, किंवा त्यात नेमून दिलेल्या घटकांपैकी एक जरी पुरेसा असला, तरी ते 'ओन्सेन', म्हणजे गरम पाण्याचा झरा, ठरतं. म्हणजे कागदोपत्री गारढोण ओन्सेनही चालतं! कुसात्सूला अशा सवलतीची गरज नाही. तिथे मिनिटाला ३२,००० लिटरहून जास्त पाणी पंपाशिवाय वर येतं आणि त्याचा सामू २.१च्या आसपास, जवळजवळ लिंबाच्या रसाइतका आंबट असतो.

हे काम पाठीशी उभ्या असलेल्या शिराने ज्वालामुखीचं. शिलारसातून सुटलेले वायू भूजलात विरघळून गंधकाम्ल आणि हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होतं. आपल्या वज्रेश्वरीचं किंवा उन्हवऱ्याचं पाणी भेगांतून खोल मुरून तापतं, तिथे जिवंत ज्वालामुखी नाही. म्हणून हा आंबटपणाही नाही.

उगमाचं पाणी इतकं कढत, की अंगावर घेण्याजोगं नसतं. पण गार पाणी मिसळलं तर ते पातळ होईल, म्हणून बायका गाणं म्हणत लांब फळ्यांनी ते घुसळतात. पाणी वरखाली होऊन बाष्पीभवन वाढतं, उष्णता निघून जाते. या पाण्याने सगळे रोग जातात, या दाव्यावर मात्र माझा विश्वास नाही. गाढ झोप लागते हे खरं, पण ते श्रेय उष्णतेचं: त्वचेकडे रक्त धावतं, बाहेर आल्यावर शरीराचं आतलं तापमान उतरतं आणि डोळे मिटू लागतात. घरच्या गरम पाण्याच्या टबातही हे घडतं.

हेच पाणी पुढे नदीला मिळायचं तेव्हा तिच्यात मासे जगत नसत, पुलांचं काँक्रीटही झिजायचं. १९६४पासून युकावा नदीत चुनखडीची भुकटी कालवलेलं पाणी रात्रंदिवस सोडलं जातं. आम्ल मारल्यावर उरणारा गाळ खालच्या शिनाकी धरणात साचतो, आणि तो उपसत राहावं लागतं.