सोडलेला बास वाचतोच असं नाही

अमेरिकेतल्या तळ्यांवर बास माशांच्या गळस्पर्धा भरतात. पकडलेला मासा जिवंत सोडायची प्रथा स्पर्धांचे आयोजक रे स्कॉट यांनी 1972 मध्ये आपल्या स्पर्धांत आणली, आणि फार चांगलं केलं. पण त्यातून एक समज घट्ट बसला: शेपटी हलवत गेला, म्हणजे वाचला. तसं नाही. दिवसभर बोटीतल्या टाकीत, मग वजनकाट्यावर. उन्हाळ्यात कोमट पाण्यात प्राणवायूही कमी. काही मासे सोडल्यावर दोन-तीन दिवसांनी मरतात, कुणाला दिसतही नाहीत.

विणीच्या हंगामात तर जीव तुटतो. अंडी राखतो नर. त्याला उचललं की टपलेले ब्लूगिल मासे काही मिनिटांत घरट्यावर तुटून पडतात. जागच्या जागी, लगेच सोडला तर तो बहुधा परततो. लांबच्या धक्क्यावर नेऊन सोडला, तर घरटं गेलंच.