एमव्हीएस बिझी आणि एलपार बिझी: टक्के दोन, हिशेब दोघांचे

आयबीएमच्या मेनफ्रेमवर, म्हणजे बँकांसारख्यांच्या मोठ्या संगणकावर, आरएमएफ या कामगिरी मोजणाऱ्या साधनाचा सीपीयू अ‍ॅक्टिव्हिटी रिपोर्ट उघडला की प्रत्येक प्रोसेसरच्या ओळीत दोन टक्केवाऱ्या शेजारी-शेजारी दिसतात. एक एलपार बिझी, दुसरी एमव्हीएस बिझी. कधी त्या ७० आणि ७२ असतात, कधी थेट ५० आणि ९८. परदेशातल्या बँकेची सिस्टीम हिंजवडीत बसून रात्रपाळीला सांभाळणारं नवं पोरगं इथे हमखास विचारतं, ‘यातला खरा कोणता?’ खरे दोन्ही आहेत. फक्त हिशेब ठेवणारे वेगळे.

एकाच मशीनचे अनेक एलपार, म्हणजे स्वतंत्र मशीनसारखे चालणारे भाग, केलेले असतात आणि त्यांच्यात खरे, भौतिक प्रोसेसर वाटून द्यायचं काम मशीनमधला पीआर/एसएम हा व्यवस्थापक प्रोग्रॅम करतो. एलपार बिझी हा त्याचा हिशेब: तुमच्या लॉजिकल प्रोसेसरला (एलपारला आपला म्हणून दिसणाऱ्या प्रोसेसरला) मी खरा प्रोसेसर किती वेळ दिला. एमव्हीएस बिझी हा झेड/ओएसचा, म्हणजे एलपारमध्ये चालणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टीमचा, हिशेब: हातात काम नाही म्हणून मी किती वेळ बसून होतो, तो वजा करून उरलेला सगळा वेळ. (एमव्हीएस हे झेड/ओएसच्या पूर्वजाचं नाव, रिपोर्टात अजून टिकून आहे.)

गोम अशी की, पीआर/एसएमने मधेच प्रोसेसर काढून दुसऱ्या एलपारला दिला, तर तो काळ झेड/ओएसच्या लेखी ‘रिकामा’ धरला जात नाही. रेल्वेत झोपलेल्या प्रवाशासारखंच हे. गाडी सिग्नलला अर्धा तास उभी राहिली तरी त्याच्या दृष्टीने प्रवास चालूच. म्हणून एमव्हीएस बिझीत मागणी दिसते, एलपार बिझीत प्रत्यक्ष मिळालेला वाटा.

आकडे मांडून बघू. सोयीसाठी हायपरडिस्पॅच (त्याबद्दल पुढे) बंद धरू. मशीनमध्ये १० भौतिक प्रोसेसर, दोन एलपार, वजनं (वाटा ठरवणारे आकडे) ७०० आणि ३००. मशीन पूर्ण भरलं की पहिल्याला ७ प्रोसेसरांइतका वाटा मिळणार, दुसऱ्याला ३. दुसऱ्याला ६ लॉजिकल प्रोसेसर दिलेत. त्याला ३ प्रोसेसरांइतकाच वेळ मिळाला, म्हणजे एलपार बिझी ५०. नुसता हा आकडा बघून कोणी म्हणेल, अर्धा एलपार मोकळा आहे, टाका अजून एक अ‍ॅप्लिकेशन इथे. पण एमव्हीएस बिझी ९८ आहे. हा एलपार उपाशी आहे, आणि त्याच्यावर आणखी काम लादणं ही या दोन रकान्यांच्या गोंधळातून होणारी सगळ्यात महागडी चूक.

मग वजन बदलायचं का? त्याआधी पहिल्या एलपारमध्ये काय चाललंय ते बघा. डब्ल्यूएलएम हा कामांची उद्दिष्टं सांभाळणारा झेड/ओएसचा भाग. त्याचा परफॉर्मन्स इंडेक्स १ च्या खाली म्हणजे काम ठरलेल्या उद्दिष्टापेक्षा बरं चाललंय. तिथल्या बॅचचा (मागे चालणाऱ्या गठ्ठा कामांचा) इंडेक्स ०.५ असेल आणि उपाशी एलपारमधल्या ऑनलाइन व्यवहारांचा १.८, तर थोडं वजन इकडे सरकवायला हरकत नाही. उलट, उपाशी दिसणाऱ्या एलपारमध्ये कमी महत्त्वाचं कामच रांगेत असेल, तर ९८ टक्क्यांना घाबरायचं कारण नाही. पॅरलल सिसप्लेक्स (एकत्र जोडलेल्या झेड/ओएस सिस्टीम्स) असेल तर तिसरा मार्गही आहे: सिसप्लेक्स डिस्ट्रिब्युटर डब्ल्यूएलएमचा सल्ला घेऊन नवी टीसीपी कनेक्शन्स दुसऱ्या, मोकळ्या सिस्टीमकडे पाठवू शकतो.

आता एमव्हीएस बिझी तेच ९८, पण एलपार बिझी ९७, आणि मशीन एकूण ६० टक्केच भरलेलं. इथे वजन वाढवून काहीही होणार नाही, कारण मागितलेलं मिळतंच आहे. अडलंय ते लॉजिकल प्रोसेसरांच्या संख्येवर. एखादा ऑनलाइन घ्या. पहिल्या उदाहरणात मात्र हाच उपाय निरुपयोगी: तेच ३ प्रोसेसर ६ ऐवजी ७ जणांत वाटले जातील.

हायपरडिस्पॅच चालू असेल (झेड१० पासून, म्हणजे २००८ पासून, ही सोय आहे) तर आणखी एक फसवणूक होते. गरज नसलेले लॉजिकल प्रोसेसर झेड/ओएस पार्क करतं, म्हणजे तात्पुरते बाजूला ठेवतं. एमव्हीएस बिझी काढताना पार्क केलेला वेळ वगळतात, एलपार बिझी काढताना वगळत नाहीत. त्यामुळे बहुतेक वेळ पार्क असलेल्या प्रोसेसरसमोर एलपार बिझी ८ आणि एमव्हीएस बिझी ८० दिसू शकतं. ही उपासमार नव्हे. शेजारचा पार्क्ड रकाना न वाचता दोन्हींतला फरक काढू नये. शिवाय सगळे आकडे त्या-त्या इंटरव्हलचे सरासरी. १५ मिनिटांच्या इंटरव्हलमध्ये दोन मिनिटांचा कोंडमारा सहज विरघळून जातो.

आणि फरक मोठा आहे, पार्किंग नाही, तरीही मशीन मोकळं, असं दिसलं तर? बहुधा कॅपिंग. एलपारला एमएसयूमध्ये (क्षमता मोजायचं एकक) डिफाइन्ड कपॅसिटी ठरवून दिलेली असते. मागच्या चार तासांची सरासरी तिच्यावर गेली की डब्ल्यूएलएम एलपारला लगाम घालतो, शेजारी प्रोसेसर रिकामे असले तरीही. पार्टिशन डेटा रिपोर्टातल्या डब्ल्यूएलएम टक्क्यांच्या रकान्यात ते दिसतं. सब-कपॅसिटी करारात महिन्याचं लायसन्स बिल याच चार तासांच्या सरासरीच्या शिखरावर ठरतं. म्हणून ही मर्यादा सिस्टीम प्रोग्रॅमरने परस्पर उचलायची नसते. एक तर बिलावर सही करणाऱ्याला विचारा, नाहीतर शिखराच्या वेळेतली बॅच मध्यरात्रीनंतर ढकला.