ताम्रपत्राला चिंच लावू नका

गोवा मुक्तिदिन जवळ आला की कितीतरी घरांत आणि गावच्या वाचनालयांत एक काम हमखास निघते. भिंतीवरचे ताम्रपत्र, काचेच्या कपाटातली पदके, दारावरचा पितळी फलक, सगळे खाली उतरवून घासायचे. चिंच असते, मीठ असते, कोणी कोकमाचे आगळ आणते. दोन मिनिटांत काळवंडलेला पत्रा गुलाबी चमकू लागतो. करणाऱ्याच्या मनात आजोबांविषयी आदर असतो, त्या आदरापोटीच तो हे करतो. तरीही सांगायला हवे: त्या ताम्रपत्राचे इतके नुकसान मागच्या पन्नास वर्षांत दुसऱ्या कशाने झाले नसेल.

स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवी वर्षात, १९७२ मध्ये, केंद्र सरकारने स्वातंत्र्यसैनिकांना ताम्रपत्रे दिली. त्यांच्यावरचा तो काळसर तपकिरी थर म्हणजे तांब्याचे ऑक्साइड. हा थर पातळ, घट्ट असतो आणि खालच्या तांब्याला हवेपासून वाचवतो. चिंचेतले टार्टारिक आम्ल आणि कोकमातले हायड्रॉक्सिसायट्रिक आम्ल तो विरघळवतात. दर घासणीला थोडा धातू जातो, कोरलेली अक्षरे उथळ होत जातात. पण आम्लापेक्षा मला जास्त भीती वाटते ती मिठाची. मिठातला क्लोराइड तांब्याला विरघळायला मदत करतो, म्हणून तर चिंच-मीठ नुसत्या चिंचेपेक्षा झपाट्याने उजळवते. आगळात तर मीठ आधीच घातलेले असते. नंतर पाण्याने कितीही धुतले तरी अक्षरांच्या खाचांत, ओरखड्यांत, स्क्रूच्या भोकाशी थोडा क्लोराइड उरतोच, आणि त्याचे काम तिथून पुढे सुरू होते.

गोव्यात जपण्यासारखे पुष्कळ आहे. ९ मार्च १९४३ च्या रात्री मुरगाव बंदरात एहरेनफेल्स या जर्मन जहाजावर छापा पडला, तेव्हा खलाशांनी आपलीच जहाजे पेटवून बुडवली. १५ ऑगस्ट १९५५ च्या सत्याग्रहींची आठवण पत्रादेवीच्या हुतात्मा स्मारकात आहे. १८ डिसेंबर १९६१ रोजी बेतवा आणि बियास या आपल्या युद्धनौकांच्या माऱ्याने अफोन्सो द अल्बुकर्क ही पोर्तुगीज नौका बांबोळीजवळ किनाऱ्याला लागली, आणि अंजदीव बेटावर आपले सात नौसैनिक कामी आले. आग्वादच्या तुरुंगात आता संग्रहालय आहे, बोगमाळोला १९९८ पासून नौदलाचे विमान संग्रहालय आहे. पण मला इथे मोठ्या संस्थांविषयी लिहायचे नाही. गावकऱ्यांनी चालवलेली एखादी खोली, वाचनालयाचा एखादा कोपरा, जिथे कोणी आजोबांचे बर्मा स्टार हे दुसऱ्या महायुद्धातले पदक आणून दिलेले असते, कोणी रिकामे काडतूस, कोणी तोफगोळ्याचा तुकडा, कोणी तुरुंगातून आलेले पत्र, तिथल्या वस्तूंची काळजी मला वाटते. तिथे संवर्धनतज्ज्ञ नसतो, प्रेम मात्र भरपूर असते.

तुमच्या घरी आगरातले खडे मीठ असेल तर मूळ गोष्ट तुम्ही दर जूनमध्ये बघता. पुरुमेंताला, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीला, भरून ठेवलेल्या मिठाला पावसाळ्यात पाणी सुटते. शुद्ध सोडियम क्लोराइड हवेतली सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांवर गेली की हवेतली वाफ ओढून स्वतःच विरघळते. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असते, आणि ते ३३ टक्क्यांनाच ओले होते. आपल्याकडे पावसाळ्यात आर्द्रता ८५ टक्क्यांपुढे दिवसेंदिवस राहते. समुद्रावरून येणारा वारा मिठाचे सूक्ष्म थेंब आणून वस्तूवर बसवतो. म्हणजे पावसाचा एक थेंब न लागताही धातूवर खाऱ्या पाण्याची न दिसणारी ओली पापुद्री तयार असते.

आता लोखंडाकडे येतो, कारण या सगळ्यातली मला सर्वांत विलक्षण वाटणारी गोष्ट तिथे घडते.

शाळेत आपण शिकलो की लोखंड, पाणी आणि ऑक्सिजन एकत्र आले की गंज होतो. खरे आहे, पण एवढ्याने समुद्रकाठचा गंज समजत नाही. गंजताना धातूच्या पृष्ठावर दोन वेगळ्या जागा तयार होतात. एका जागी, धनाग्रावर, लोखंडाचा अणू दोन इलेक्ट्रॉन सोडून फेरस आयन बनतो आणि पाण्यात उतरतो. ते इलेक्ट्रॉन धातूतूनच प्रवास करून दुसऱ्या जागी, ऋणाग्रावर, पोहोचतात आणि तिथे ऑक्सिजन व पाण्याशी मिळून हायड्रॉक्साइड आयन बनवतात. धनाग्रावर धन आयनांची गर्दी झाली की विद्युतभाराचा तोल राखायला तिथे ऋण आयन हवे असतात. हायड्रॉक्साइड जाऊ शकतो, पण आजूबाजूच्या मिठातला क्लोराइड आयन संख्येने कितीतरी जास्त असतो. तो गंजाच्या भेगांतून, छिद्रांतून आत शिरतो आणि थेट धातूच्या अंगाशी जमतो. बाहेरच्या पाण्यात थोडासाच क्लोराइड असला तरी आत त्याची तीव्रता कितीतरी पट वाढते.

आतले फेरस आयन पाण्याशी अभिक्रिया करून हायड्रोजन आयन सोडतात, म्हणजे ती जागा आम्लधर्मी होते. गंजाच्या थराखाली फेरस क्लोराइडचे आम्ल द्रावण साचते आणि धातू त्यात विरघळत राहतो. वस्तू ओली आहे, ऑक्सिजन कमी पोहोचतो आहे, तोवर हे बऱ्यापैकी संथ चालते. म्हणूनच समुद्रतळावर पडलेला तोफगोळा शतकभरही टिकतो. खरा अनर्थ तो बाहेर काढून कपाटात ठेवल्यावर होतो. गंज सुकतो, तडकतो, भेगांतून ऑक्सिजन आत जातो आणि फेरस क्लोराइडचे रूपांतर ॲकागानाइट नावाच्या खनिजात होते. जपानमधल्या ॲकागाने खाणीवरून त्याला हे नाव मिळाले. ॲकागानाइटच्या स्फटिकात लांबट बोगदे असतात, आणि त्या बोगद्यांत क्लोराइड आयन बसलेले असतात. शिवाय स्फटिकांच्या पृष्ठावरही ते चिकटून असतात. ॲकागानाइट लोखंडापेक्षा बरीच जास्त जागा व्यापते, म्हणून आतून दाब येतो आणि वरचा थर पापुद्र्यांनी उडतो. वस्तूचा मूळ आकार त्या वरच्या थरातच असतो, शिक्के आणि क्रमांकही तिथेच. पापुद्रा गेला की तो पुरावा गेला.

आणि हे सगळे करून क्लोराइड संपत नाही! ऑक्सिजन खर्च होतो, लोखंड खर्च होते, क्लोराइड मात्र मोकळा होऊन पुढच्या अणूकडे वळतो. चक्र पुन्हा सुरू होते. हे एकदा समजले की वरवर घासून रंग देण्याचा फोलपणा लक्षात येतो: रंगाखाली क्लोराइड कोंडला जातो आणि काही पावसाळ्यांत तो रंगच फुगून सुटतो.

तांब्यातही असेच चक्र आहे. पृष्ठाखाली क्युप्रस क्लोराइड बसते, मेणासारखे, करडे, निरुपद्रवी दिसणारे. आर्द्रता ४२ ते ४६ टक्क्यांच्या पुढे गेली की ते पाणी आणि ऑक्सिजन घेऊन फिकट हिरव्या भुकटीत बदलते. त्यातून सुटलेले हायड्रोक्लोरिक आम्ल शेजारच्या तांब्यावर हल्ला करून पुन्हा क्युप्रस क्लोराइड बनवते. संग्रहालयांत याला ब्राँझचा रोग म्हणतात. घट्ट, गुळगुळीत, गडद हिरवा थर असेल तर घाबरू नका, तो बहुधा स्थिर असतो. बोटाला लागणारी, फिकट, ठिपक्याठिपक्यांनी उगवणारी भुकटी दिसली तर वस्तू आजारी आहे.

क्लोराइड भरलेल्या लोखंडावर दमट दिवसांत नारिंगी-तपकिरी थेंब जमतात. फेरस क्लोराइड हवेतले पाणी ओढते, थेंब बनतो, त्याच्या पृष्ठावर गंजाचे कवच धरते. हुतात्म्याच्या स्मृतिवस्तूवर असे लाल थेंब दिसले की कोणीतरी वस्तू रक्त गाळते म्हणू लागतो, कोणी हळद-कुंकू वाहतो. हळदकुंकवाच्या ओल्या बोटांनी वस्तू आणखी खराब होते. हुतात्म्यांना चमत्काराची गरज नाही. त्या थेंबाला चमत्कार म्हणणे म्हणजे वस्तू वाचवण्याची वेळ निसटू देणे.

तितकाच आग्रहाने खोडायला हवा तो दिल्लीच्या लोहस्तंभाचा दाखला. आपल्या पूर्वजांना न गंजणारे लोखंड माहीत होते, असे व्हॉट्सॲपवर फिरते. त्या लोखंडात फॉस्फरस जास्त, सुमारे पाव टक्का आहे. त्यामुळे पृष्ठावर फॉस्फेटचा संरक्षक थर धरला, हे कानपूर आयआयटीचे आर. बालसुब्रमण्यम यांनी उलगडून दाखवले. ही लोहारांची मोठी कामगिरी आहेच. पण स्तंभ दिल्लीच्या कोरड्या हवेत उभा आहे. समुद्राच्या मिठाशी त्याचा सामना झालेला नाही.

रिकाम्या काडतुसांची गोष्ट जराशी वेगळी आणि आपल्या पावसाशीच जोडलेली आहे. काडतुसाचे पितळ म्हणजे ७० टक्के तांबे, ३० टक्के जस्त. चकतीला थंड अवस्थेतच ओढून नळी बनवतात, त्यामुळे धातूत ताण कोंडलेला राहतो. ब्रिटिश फौजेच्या हिंदुस्थानातल्या साठ्यांत पावसाळ्यात काडतुसे आपोआप तडकत. बराच काळ कारण कळेना. १९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी दाखवले की गुन्हेगार अमोनिया आहे: तबेल्यातल्या घोड्यांच्या मुतातून निघणारा वायू, दमट हवा आणि धातूतला ताण, तिन्ही एकत्र आले की कणांच्या सीमांवर तडे जातात. म्हणून स्मृतिवस्तूंच्या खोलीत वटवाघळांची किंवा कबुतरांची विष्ठा साचू देऊ नये, आणि काडतुसाला अमोनिया असलेले पितळ-पॉलिश लावू नये. काडतूस किंवा गोळा रिकामा आहे की नाही याची खात्री नसेल तर त्याला हात लावू नका, आधी पोलिसांना कळवा.

शिशाच्या गोळ्यांना लाकूड बाधते. प्लायवूडमधून आणि आंबट वासाच्या सिलिकॉन सीलंटमधून ॲसेटिक आम्लाची वाफ निघते आणि शिसे पांढरे पीठ होऊन झडते. हौसेने बनवलेले नवे शोकेस म्हणूनच कधी कधी जुन्या पत्र्याच्या कपाटापेक्षा घातक ठरते.

मग करायचे काय? क्लोराइड बाहेर काढा किंवा पाणी तोडा, तिसरा मार्ग नाही. पहिला मार्ग संथ आहे. लोखंडी वस्तू अल्कधर्मी द्रावणात बुडवून ठेवतात, हायड्रॉक्साइड आयन क्लोराइडची जागा घेतात, क्लोराइड हळूहळू द्रावणात उतरतो. अमेरिकी यादवी युद्धातल्या मॉनिटर या बुडालेल्या युद्धनौकेचा फिरता तोफबुरूज २००२ मध्ये समुद्रातून काढला आणि अशाच टाकीत ठेवला. वीस वर्षे उलटली तरी काम चालले. कॉस्टिक सोड्याचे हे काम घरी करू नये. लखनौला १९७६ पासून राष्ट्रीय संवर्धन संशोधन प्रयोगशाळा आहे, मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात संवर्धन केंद्र आहे, तिथे विचारावे.

दुसरा मार्ग गावाच्या आवाक्यात आहे. ब्रिस्टलला १८४३ मध्ये पाण्यात उतरवलेल्या ग्रेट ब्रिटन या लोखंडी जहाजाचा तळभाग २० टक्के आर्द्रतेच्या हवेत ठेवला आहे, कारण तिथे गंज जवळजवळ थांबतो. आपल्याला जहाज वाळवायचे नाही. झाकण घट्ट बसणारा पॉलिप्रॉपिलिनचा डबा, त्यात ओल शोषणारे सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक, एवढे पुरते. लोखंड २० टक्क्यांखाली, तांबे-पितळ ४० खाली ठेवावे. जेल ओले झाले की १२० अंशांच्या आसपास ओव्हनमध्ये तापवून पुन्हा वापरता येते. दिवसा एसी लावून रात्री बंद करण्यापेक्षा हा डबा बरा, कारण एसी बंद झाल्यावर आत शिरलेली दमट हवा थंड धातूवर दव धरते. कायमस्वरूपी नॅनो लेपाच्या जाहिरातींवर पैसे घालवू नयेत. आत क्लोराइड असताना वरचा कोणताच लेप कायमचा नसतो.

आणि ज्या ताम्रपत्राला चिंच-मीठ लागलेच आहे, ते? कोरडी कापडी घासणी नको. ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) पाण्यात ठेवा, पाणी बदलत राहा. प्रत्येक वेळी काढलेल्या पाण्याचे थोडे नमुने गावच्या उच्च माध्यमिक शाळेत न्या आणि रसायनाच्या शिक्षकांना त्यात सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाकायला सांगा. पाणी दुधाळ झाले तर क्लोराइड अजून निघतो आहे. नमुना स्वच्छ राहू लागला की पत्रा मऊ कापडाने टिपून, पूर्ण सुकवून डब्यात ठेवा. दाराशी काही लावायचे असेल तर त्याची छायाचित्र-प्रत लावा.