एक किलोमीटरची अट : ग्रामीण विदर्भातील शाळानिवडीची पार्श्वभूमी

शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांतील २५ टक्के जागा गरीब व वंचित मुलांसाठी राखल्या आहेत; या प्रवेशांवरून २०२४ मध्ये महाराष्ट्रात जो वाद झाला, त्याच्या मुळाशी अंतराचा प्रश्न आहे. विदर्भातील खेड्यांत मूल कोणत्या शाळेत जाणार, हे पालकांच्या पसंतीपेक्षा शाळा किती लांब आहे यावरच ठरत आले आहे. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि पुढील काही दशकांत प्राथमिक शाळा गावोगावी पोहोचल्या. मात्र वरच्या वर्गांसाठी मोठे गाव गाठणे भाग होते आणि ते न जमणाऱ्या अनेक मुलींचे शिक्षण तेथेच थांबत असे.

पुढे ‘कायम विनाअनुदानित’ (कधीच सरकारी अनुदान न मिळण्याच्या अटीवर शाळांना परवानगी देण्याचे) धोरण आणि २०१२ चा स्वयंअर्थसहाय्यित शाळांचा कायदा यांमुळे तालुक्याच्या गावी खासगी इंग्रजी शाळा वाढल्या. इकडे त्यांना सरसकट ‘कॉन्व्हेंट’ म्हणतात, मग त्यांचा चर्चशी काही संबंध असो वा नसो. त्यांच्या व्हॅन फाट्यापर्यंत येऊ लागल्या, तेव्हा जिल्हा परिषदेच्या शाळांनी सेमी इंग्रजीचे वर्ग काढले आणि सत्रापूर्वी गुरुजी पटनोंदणीसाठी घरोघरी फिरू लागले. पट घसरला की संचमान्यतेत, म्हणजे पटानुसार शिक्षकांची पदे मंजूर होताना, पद कमी होते, त्यामुळे या फेऱ्यांत कर्तव्याइतकीच धास्तीही असते.

१ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांचे दार गरिबांसाठी काही प्रमाणात उघडले. प्रवेश घर ते शाळा हे अंतर पाहून सोडतीने मिळतो. अर्ज ऑनलाइन असल्याने पालक उत्पन्नाचा दाखला घेऊन सेतू केंद्रात बसतो आणि केंद्रचालक नकाशावर त्याच्या घराची खूण करतो. ती खूण चुकली तर अंतर चुकते आणि प्रवेश हातचा जाऊ शकतो. शासन प्रतिविद्यार्थी १७,६७० रुपयांपर्यंत परतावा देते, पण तो वर्षानुवर्षे थकतो, ही संस्थाचालकांची तक्रार रास्तच होती.

शासनाने ९ फेब्रुवारी २०२४ रोजी त्यावर जो तोडगा काढला, तो मात्र उफराटा होता. पहिली ते पाचवीसाठी घरापासून एक किलोमीटरच्या आत शाळा देण्याचे बंधन राज्याच्या नियमांनी शासनावरच घातले होते. आता त्याच एका किलोमीटरात शासकीय वा अनुदानित शाळा असल्यास खासगी शाळेला २५ टक्क्यांतून सूट मिळाली. तालुक्याच्या गावात अशी शाळा जवळपास नसणे दुर्मीळच, त्यामुळे तेथील बहुतेक कॉन्व्हेंट या सुटीत बसली असती. मुंबई उच्च न्यायालयाने मे महिन्यात नियमांतील या दुरुस्तीला स्थगिती दिली, १९ जुलैला ती दुरुस्तीच रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हस्तक्षेप केला नाही.

याच सुमारास, सप्टेंबर २०२३ पासून, वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ उभारण्याची चर्चा सुरू झाली होती. पर्लकोटा नदीला पूर आला की गडचिरोली जिल्ह्यातील भामरागडचा मार्ग बंद पडतो. अशा भागात शाळा दूर नेल्यास पावसाळ्यात हजेरीचे काय होईल, याचा अंदाज कोणत्याही पालकाला आहे. तेथे २५ टक्क्यांच्या प्रवेशाला खासगी शाळाच मुळात विरळ, म्हणून न्यायालयाच्या निकालाने त्या पालकांच्या हाती फारसे काही पडत नाही.