बीजी वनस्पती

ज्या वनस्पतींना बी येतं त्या सगळ्या बीजी वनस्पती. यात फुलणारी झाडं आली तशीच सायकस, गिंको, पाइन, एफेड्रा अशी कधीच न फुलणारीही आली. पाठ्यपुस्तकांत यांना बीजपत्री किंवा फॅनेरोगॅम म्हणतात, जुन्या लिखाणात सपुष्प वनस्पती असाही शब्द भेटतो पण तो इथे वापरलेला नाही, कारण पाइनला फूल नसतं तरी बी असतं, आणि खडकांतला पुरावा बघितला तर फुलाच्या निदान वीस कोटी वर्षं आधी बी आलेलं आहे. बी आधी आणि फूल फार नंतर, हा क्रम मनात ठेवला की या गटाबद्दलचे निम्मे घोळ आपोआप सुटतात. आज फुलणाऱ्या जाती ढोबळमानाने तीन लाख आणि न फुलणाऱ्या जेमतेम हजाराच्या वर, म्हणजे संख्येत तुलनाच नाही, पण बी कसं घडलं हे कळतं ते या हजारांकडून आणि दगडात राहिलेल्या त्यांच्या नातेवाइकांकडून.

बी म्हणजे काय : नेच्याच्या पानामागे तपकिरी ठिपके असतात, त्यातून बीजाणू, म्हणजे धुळीसारखे एकपेशी कण, उडतात, ओल्या जागी पडले की त्यांच्यापासून नखाएवढी हिरवी चकती उगवते, तिच्यावर नर आणि मादी युग्मकं, म्हणजे फलनात एकमेकींशी जुळणाऱ्या पेशी, तयार होतात आणि नर युग्मक पाण्याच्या थरातून पोहत मादीकडे जातं. म्हणजे एका जीवनचक्रात दोन पिढ्या. हाच आराखडा शेवाळापासून पाइनपर्यंत सगळीकडे आहे हे व्हिल्हेल्म होफमाइस्टर यांनी १८५१ मध्ये दाखवलं, आणि बी समजून घ्यायला आजही तिथूनच सुरुवात करावी लागते. बीजी वनस्पतींनी केलं ते इतकंच की मोठा, मादी बीजाणू बाहेर सोडलाच नाही. बीजाणुधानीत, म्हणजे बीजाणू जिच्यात बनतात त्या पिशवीत, चार बनतात, बहुतेक वेळा त्यातले तीन मरतात, उरलेला एक तिथेच आईच्या अंगावर वाढतो, त्याच्यातच ती चकतीची पिढी उरकते, आणि या सगळ्याभोवती एक आवरण येतं. आवरणासकट या बीजाणुधानीला बीजांड म्हणायचं आणि फलन झाल्यावर तेच बी.

शेंगदाणा हातात घेऊन बघा. वरचं लालसर साल म्हणजे बीजावरण, त्यावर ज्या बारीक रेषा दिसतात त्या अन्नपाणी आणणाऱ्या शिरांच्या खुणा. दाणा उकलला की दोन पाकळ्या सुटतात, ती बीजपत्रं, आणि एका टोकाला चोचीसारखा कोंब असतो, त्याचं बाहेरचं टोक पुढे मूळ होणार आणि आतल्या बाजूला भिंगाखाली चिमुकली घडी घातलेली पानं चक्क मोजता येतात. शेंगदाण्यात साठवणीचं अन्न बीजपत्रांनी आधीच खाऊन घेतलेलं असतं, मक्यात ते भ्रूणपोष म्हणून वेगळं राहतं. पाइनच्या बीत मात्र गोष्ट निराळीच आहे, तिथे पांढरा गर म्हणजे ती मादी चकतीची पिढीच असते, तिच्यात गुणसूत्रांचा एकच संच, मधोमध काडीसारखा भ्रूण आणि बाहेर आईच्या पेशींचं टणक कवच, म्हणजे एका बीत आई, मधली पिढी आणि नवं झाड अशा तीन पिढ्या एकात एक बसलेल्या. वनस्पतिशास्त्रात याहून सुंदर रचना क्वचितच असेल.

आवरण आलं कुठून : या नोंदीतला सगळ्यात वादाचा भाग हाच. मार्गारेट बेन्सन यांनी १९०४ मध्ये अशी कल्पना मांडली की मुळात बीजाणुधान्यांचा एक झुबका होता, त्यातली मधली तेवढी कामाची राहिली आणि भोवतालच्या वांझ होऊन एकमेकींना चिकटल्या, तेच आवरण. काही जुन्या बीजांडांच्या आवरणात खरोखर कप्पे दिसतात त्यामुळे ही कल्पना बरीच वर्षं टिकली. दुसरं मत असं की बीजाणुधानीखालच्या बारीक फांद्या तिच्याभोवती गोळा झाल्या आणि खालून वर जुळत गेल्या. या मताच्या बाजूचा पुरावा जास्त सरळ आहे. स्कॉटलंडच्या सुरुवातीच्या कार्बोनिफेरस काळातल्या खडकांत जेनोमोस्पर्मा नावाची बीजांडं मिळाली, त्यातल्या एका जातीत बीजाणुधानीभोवती आठ बोटं पूर्ण सुटी आहेत आणि दुसऱ्या जातीत तीच बोटं बुडाशी जुळलेली आणि वर टोकाकडे मिटत आलेली आहेत, म्हणजे ओंजळ बंद होताना मध्येच थांबलेली दिसावी तसं. या दोन जाती म्हणजे एकाच वंशाच्या पाठोपाठच्या पायऱ्या असं मात्र समजू नये, पण सुट्या बोटांपासून बंद आवरणापर्यंतची वाट अशक्य नाही एवढं त्यातून नक्की कळतं.

त्याहून जुना नमुना बेल्जियममधला रन्कारिया. त्याचा काळ साधारण ३८.५ कोटी वर्षांपूर्वीचा, मधला डेव्होनियन. यात मध्ये बीजाणुधानी, तिच्यातून वर आलेला दांडा आणि भोवती पात्यांसारख्या फाट्यांचं कडं आहे, पण पराग आत घ्यायची पुढच्या बीजांडांसारखी सोय नाही, म्हणून त्याला बी न म्हणता बीच्या आधीची अवस्था म्हणणंच बरं. ज्याला निःशंक बीजी म्हणता येतं ते अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनियाचं एल्किन्सिया, अंदाजे ३६.५ कोटी वर्षांपूर्वीचं, आणि त्याच सुमाराचं बेल्जियममधलंच मोरेस्नेशिया. या झाडांची पानं नेच्यासारखी होती, त्यामुळेच पूर्वी कोळशाच्या थरांत सापडणारी असली सगळी पानं नेचेच धरली जायची, पुढे १९०३ मध्ये ऑलिव्हर आणि स्कॉट यांनी लायजिनोप्टेरिसचं पान आणि लॅजिनोस्टोमा हे बी एकाच झाडाचं असल्याचं सूक्ष्म ग्रंथींच्या सारखेपणावरून ओळखलं आणि बीजी नेचे हा गट उभा राहिला. बीच्या आधी लाकूड आलं हेही असंच जुळवाजुळवीतून कळलं. आर्किऑप्टेरिसचं पान आणि कॅलिझायलॉनचं लाकूड एकाच वृक्षाचे आहेत हे चार्ल्स बेक यांनी १९६० मध्ये दाखवलं, लाकूड पाइनच्या धर्तीचं आणि प्रजनन मात्र बीजाणूंनी, म्हणजे बीजी वनस्पतींचे पूर्वज याच्या आसपासचे असावेत.

प्रजनन : परागकण म्हणजे खरं तर आत अगदी थोड्या पेशींची नर पिढी असलेला बीजाणू. तो वाऱ्याने, कीटकांनी किंवा क्वचित पाण्याने पोचतो. न फुलणाऱ्यांत तो थेट बीजांडाच्या तोंडाशी, म्हणजे बीजरंध्रापाशी येतो, बऱ्याच जातींत तिथे एक चिकट थेंब आलेला असतो, पराग त्यात अडकतो आणि थेंब आटताना आत ओढला जातो. पाइनमध्ये परागीभवन आणि फलन यांत वर्षभराचं अंतर पडतं.

बी आलं आणि पाण्याची गरज संपली असं सरसकट लिहिलं जातं ते अर्धंच खरं आहे. साकुगोरो हिरासे यांनी १८९६ मध्ये तोक्योच्या कोइशिकावा उद्यानातल्या गिंकोच्या बीजांडात पोहणारं नर युग्मक पाहिलं, त्याच वर्षी सेइइचिरो इकेनो यांना सायकसमध्येही तेच दिसलं. म्हणजे पराग येतो वाऱ्यावर पण शेवटचा टप्पा आजही पोहूनच होतो, फरक एवढाच की पोहायचं पाणी झाड स्वतः बीजांडाच्या आत पुरवतं. झामिया या सायकसवर्गीय वनस्पतीचं नर युग्मक तर नुसत्या डोळ्यांना ठिपक्यासारखं दिसण्याइतकं मोठं असतं आणि त्यावर हजारो केसाळ कशाभिका असतात. या दोन गटांत परागनलिकेचं काम मुख्यतः अन्न शोषायचं, नर युग्मक अंड्यापर्यंत नेऊन पोचवणारी नलिका पाइनवर्गीय, नीटेलीज (एफेड्राचा गट) आणि फुलणाऱ्यांत दिसते.

फुलणाऱ्या वनस्पतींत बीजांड अंडाशयात बंद असतं त्यामुळे पराग कुक्षीवर, म्हणजे फुलाच्या मादी भागाच्या टोकावर, पडतो आणि नलिकेला लांबची वाट कापावी लागते. दोन नर युग्मकांपैकी एक अंड्याशी आणि दुसरं मधल्या केंद्रकांशी जुळतं, हे द्विफलन सर्गेई नवाशिन यांनी १८९८ मध्ये लिली आणि फ्रिटिलारियात नोंदवलं, पुढच्या वर्षी लिऑन गिन्यार यांनीही स्वतंत्रपणे तेच सांगितलं. दुसऱ्या मीलनातून भ्रूणपोष बनतो आणि तो तीन संचांचा असतो असं आपण शिकतो, ते बहुतेकांना लागू आहे पण सगळ्यांना नाही. कमळासारख्या दिसणाऱ्या न्यूफार या पाणवनस्पतीत भ्रूणकोष (बीजांडातली मादी पिढी) आठऐवजी चारच केंद्रकांचा आणि भ्रूणपोष दोनच संचांचा असतो हे २००२ मध्ये दाखवलं गेलं, आणि न्यूफार फुलणाऱ्यांच्या अगदी बुडाशी फुटलेल्या फांदीवरचं असल्यामुळे ही रचना जुनी असण्याची शक्यता बरेच जण धरतात.

रचना : मूळ, खोड, पान यांबद्दल इथे वेगळं लिहायची गरज नाही. वर्गीकरणाला उपयोगी दोनच गोष्टी नोंदवतो. कँबियमचा थर आतल्या बाजूला लाकूड आणि बाहेर रसवाहिन्या देतो म्हणून खोड जाड होतं, एकबीजपत्रींत, म्हणजे मका, गवत अशा एकच बीजपत्र असलेल्यांत, हा थर नाही, त्यांच्यातली काही झाडं जाड होतात ती वेगळ्या रीतीने. दुसरी गोष्ट लाकडातली. पाइनमध्ये पाणी बंद टोकांच्या लांबट पेशींतून खाचाखाचांनी चढतं, फुलणाऱ्या बहुतेकांत टोकं उघडी असलेल्या नळ्या असतात. नीटेलीजमध्येही नळ्या आहेत आणि अँबोरेला या फुलणाऱ्या झुडपात त्या नाहीत, म्हणजे नुसत्या नळीवरून नातं ठरवायला गेलं की फसायला होतं.

वर्गीकरण : बीजांड उघडं की झाकलेलं हा फरक रॉबर्ट ब्राउन यांनी १८२० च्या दशकात स्पष्ट केला. तरीही बेंथम आणि हूकर यांच्या १८६२ ते १८८३ मध्ये आलेल्या मोठ्या ग्रंथात अनावृत्तबीजींना (उघड्या बीजांडाच्यांना) द्विबीजपत्री आणि एकबीजपत्री यांच्या मध्ये बसवलंय, सोयीसाठी ती मांडणी खूप वापरली गेली पण नातं म्हणून ती टिकत नाही. आज जिवंत गट पाच धरतात : सायकस, एकच जात उरलेला गिंको, पाइनवर्गीय, नीटेलीज आणि आवृत्तबीजी, म्हणजे फुलणाऱ्या. पहिले चार मिळून एक शाखा होते असं जनुकांवरून दिसतं, पण जीवाश्म धरले तर अनावृत्तबीजी हा शब्द एका वंशाचा राहत नाही कारण आवृत्तबीजींचे पूर्वजही उघड्या बीजांडाचेच असणार.

नीटेलीज हा छोटा गट, नीटम, एफेड्रा आणि नामिब वाळवंटातलं आयुष्यभर दोनच पानं वाढवत राहणारं वेलविचिया, एवढाच. नळ्या आहेत, शंकू फुलासारखे दिसतात, शिवाय एफेड्रात दुहेरी मीलनही होतं, म्हणून १९८० च्या दशकात यांना फुलणाऱ्यांचे सख्खे मानायचे. १९९९-२००० च्या सुमाराला जनुकांची तुलना झाली आणि ते पाइनवर्गीयांजवळ, बऱ्याच विश्लेषणांत तर थेट पाइनच्या कुळाशेजारी आले. एफेड्रातलं दुसरं मीलन भ्रूणपोष देत नाही, जादाचा भ्रूण देतं, हे बघता साम्य वरवरचं मानणं जास्त पटतं.

मग फुलणाऱ्यांचा जवळचा पूर्वज कोण, तर बीजी नेच्यांतल्या केटोनियाकडे आणि ग्लोसोप्टेरिसकडे बोट दाखवलं जातं. हॅमशॉ थॉमस यांनी १९२५ मध्ये केटोनियाला आवृत्तबीजीच ठरवलं होतं पण टॉम हॅरिस यांना त्याच्या बीजांडांच्या तोंडात परागकण मिळाले, म्हणजे पराग कुक्षीवर न थांबता थेट आत जात होता, आणि तो दावा मागे पडला. तरी केटोनियाची बीजांडं ज्या वळलेल्या पेल्यात असतात तो पेला म्हणजेच फुलणाऱ्यांच्या बीजांडाचं दुसरं, बाहेरचं आवरण असावं, हा विचार अजून जिवंत आहे.

आवृत्तबीजींच्या आतली मांडणी आता एपीजी (अँजिओस्पर्म फायलोजेनी ग्रुप) या संशोधकगटाच्या पद्धतीने करतात, तिची पहिली आवृत्ती १९९८ ची आणि चौथी २०१६ ची, तीत ६४ गण आणि ४१६ कुळं आहेत. एकबीजपत्री हा खरा वंश ठरला, द्विबीजपत्री मात्र फुटले, तीन छिद्रांचा परागकण असणारे खरे द्विबीजपत्री वेगळे आणि मॅग्नोलिया, मिरी यांच्या शाखा वेगळ्या. सगळ्यांत आधी फुटलेली फांदी न्यू कॅलेडोनियातल्या अँबोरेलाची, काही विश्लेषणांत ती कमळिणींबरोबर येते पण एकटी धरण्याकडेच कल जास्त आहे. वयाबद्दल बोलायचं तर खात्रीचे परागकण सुमारे १३.५ कोटी वर्षांपूर्वीचे, जनुकांची घड्याळं, म्हणजे जनुकांतल्या बदलांवरून काढलेले काळाचे अंदाज, त्याहून बरीच मागे, ज्युरासिकच्या किंवा ट्रायासिकच्याही आत जातात. १९९८ मध्ये चीनमधल्या आर्किफ्रुक्टस या फुलणाऱ्या वनस्पतीच्या जीवाश्माला ज्युरासिक म्हटलं गेलं होतं, नंतर त्या थरांचं वय १२.५ कोटींच्या आसपास निघालं, तेव्हा नवा नमुना बीजांड पूर्ण झाकलेलं दाखवत नाही आणि त्याच्या थराचं वय पक्कं होत नाही तोवर परागकणांची तारीखच धरून चालणं योग्य.